पेटी क्रमांक १६६३

"पोस्टाच्या पेटीत कोणी जन्माला येत नाही," शिष्यवृत्तीच्या कचेरीतले प्रेंटिससाहेब म्हणाले आणि जन्माचा दाखला त्यांनी टेबलावरून परत सरकवला.

ओफेलियाने तो पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला. दाखल्यावर शिक्का होता, सही होती, १९४४ सालची तारीख होती. जन्मस्थळासमोर मात्र गावाचं नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं: पेटी क्रमांक १६६३, सांता फे.

"युद्धात डोंगरावर जन्मलेल्या सगळ्यांच्या दाखल्यावर हेच आहे," ती म्हणाली. "तिथे अणुबॉम्ब बनत होता. जागेचं नाव कागदावर घालायला बंदी होती."

"ते मलाही माहीत आहे. पण त्या मुलांची नोंद तिथल्या दवाखान्यात सापडते. तुझी सापडत नाही. शिष्यवृत्ती वॉशिंग्टनहून येते, मुली. खरी जागा सांग आणि पुरावा दे. पाच वाजता मी फाइल बंद करणार."

भिंतीवरच्या घड्याळात साडेचार झाले होते. रशियाने आकाशात तो उपग्रहाचा गोळा फिरवल्यापासून सरकारला गणित येणारी पोरं हवी होती, आणि आमच्या खोऱ्यातून गणितासाठी विद्यापीठात निघालेली ओफेलिया पहिलीच. शिष्यवृत्ती हुकली तर पुढचं ठरलेलं होतं. आईसारखंच डोंगरावर जायचं आणि दुसऱ्यांच्या फरश्या पुसायच्या.

शेजारच्या खुर्चीत तिचे आजोबा, डेल्फिनो, टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. पोरीला एकटीने कचेरीत पाठवायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून आले होते. इंग्रजीचा त्यांना गंध नव्हता. यांना उगाच आणलं, असं तिच्या मनात येऊन गेलं.

डोंगराशी म्हाताऱ्याचं वैर आहे, असं अख्खं गाव धरून चाललं होतं. त्यांचं घेवड्याचं शेत त्याच डोंगरावर होतं. बेचाळीस साली लष्कराने हातात चिठ्ठी ठेवली आणि चार दिवसांत घर उचलायला लावलं. ओफेलियाला आठवतं तेव्हापासून ते अंगणात डोंगराकडे पाठ करूनच बसायचे. मी कुठे जन्मले, असं तिने विचारलं की म्हणायचे, "पेटीत." शाळेतली पोरं 'टपालाने आली' म्हणून चिडवायची, ती रडत घरी यायची, तरी म्हातारा ढिम्म. बाप युद्धावरून परतलाच नव्हता आणि ती नऊ वर्षांची असताना आई, बेनिता, गेली. विचारायला दुसरं कोणी उरलं नव्हतं.

"काय म्हणतोय हा?" आजोबांनी विचारलं.

"खरी जागा सांगा आणि पुरावा द्या म्हणतोय. नाहीतर चला घरी."

आजोबा थोडा वेळ टोपी फिरवत राहिले. "हा सरकारचा माणूस आहे का?"

"आहे हो."

"मग त्याला विचार, आता बोललं तर चालतं का. तुझ्या आईने हात वर करून लष्कराला शब्द दिला होता, डोंगरावरचं काही बाहेर काढणार नाही म्हणून. मला तिने एकच गोष्ट सांगितली, तीही सांतो निन्योच्या, आपल्या बाळ येशूच्या, मूर्तीवर माझा हात ठेवायला लावून."

ओफेलियाने ते इंग्रजीत सांगितलं.

प्रेंटिससाहेब हसले. "अहो आजोबा, ते पंचेचाळीस सालीच सगळ्या जगाला कळलं." ओफेलियाने ते आजोबांना सांगितलं.

"जगाला कळलं असेल," आजोबा म्हणाले. "आम्हाला कोणी येऊन सांगितलं नाही."

ओफेलियाने हे वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. साहेबांचं हसू उतरलं. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी कोटाचं बटण लावलं. "सरकारच्या वतीने सांगतो, तुम्ही शब्दातून मोकळे आहात." तसा अधिकार त्यांना होता की नाही, देव जाणे. पण ओफेलियाने ते सांगितल्यावर म्हाताऱ्याला तेवढं पुरलं.

"बेनिता तिथे साहेबिणींचे कपडे वाळत घालत होती," ते म्हणाले. "दिवस भरले नव्हते. डॉक्टर धावत येईपर्यंत ही बाहेर आली होती, मग दवाखान्यात नोंद कुठली असणार? दाखला त्याने मागून दिला. पडल्या पडल्या बेनिताला समोर पाव भाजायची मातीची भट्टी दिसली. लष्कराने सगळं पाडलं, ती तेवढी राहिली होती. ती भट्टी मी बांधलेली. आमच्या घराच्या मागे, घेवड्याच्या पहिल्या वाफ्याशी."

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. बेचाळीस सालची तीच चिठ्ठी. "यात माझ्या शेताची हद्द लिहिली आहे, भट्टीसकट. शिक्का यांचाच आहे. आता पुरावा नाही म्हणू दे याला."

ओफेलियाने आधी डोळे पुसले. मग एकेक शब्द सावकाश सांगितला. साहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली, पेन उघडलं आणि फाइलमधली पेटी खोडली. तिच्या जागी त्यांनी लिहिलं: डेल्फिनो आर्चिबेके यांचं शेत. पाचला सात मिनिटं होती.

परतीच्या बसमध्ये आजोबांनी खिडकीची जागा मागून घेतली. खोरं जवळ आलं, डोंगर दिसायला लागला. ते त्याच्याकडे एकटक बघत होते, कोणी लेकराचं कौतुक करावं तसे हसऱ्या डोळ्यांनी.

"मग इतकी वर्षं त्याच्याकडे पाठ का करून बसायचात?" तिने विचारलं. "आम्हाला वाटलं, तुम्हाला राग आहे."

"राग कसला, पोरी," आजोबा म्हणाले. "तिकडे बघितलं की सगळ्यांना सांगावंसं वाटायचं."