चिमूटभर येसर

आमटीत घालायचं नीलम्माचं भाजक्या डाळी-मसाल्यांचं पीठ, येसर, अंबाजोगाईतल्या चौदाच घरांत जायचं, आणि त्या चौदा घरांवर तिचं घर चालायचं. यंदा लग्नसराईत बाहेरून मागणी आली. तिनं घरी भाजलेलं येसर नव्या गिऱ्हाइकांसाठी बांधलं. जुन्यांच्या डब्यांत बाजारातलं तयार पीठ भरलं. जुनी माणसं कुठं जाणार? आज त्या चौदा घरांतल्याच केसरबाई काठी टेकत आल्या. “तुजं येसर चांगलंच हाय गं. दुखण्यातून उठल्यापासून माजीच जीभ मेलीय. सून म्हनली, चव बदलली. लई बोलले तिला. नीलम्माचा हात बदलत न्हाई म्हनलं.” नीलम्मानं गप्प राहायचं ठरवलं. राहवलं नाही. तिनं नव्या गिऱ्हाइकाची बांधलेली पिशवी फोडून चिमूटभर येसर केसरबाईंच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी चाटलं. “आली की चव!” त्या हसल्या. मग त्यांनी नीलम्माच्या खाली गेलेल्या मानेकडं पाहिलं. “आता सुनंची माफी कुणी मागायची, म्या का तू?”