सगळं ठीक आहे, डॉक्टर

मोठ्या सिस्टर टेबलापाशी येऊन बसल्या, तेव्हा ती खुर्चीतून अर्धी उठलीच होती. वॉर्ड सोडून बरीच वर्षं झाली होती, पण तिच्या पायांना ते अजून कुणी कळवलं नव्हतं.

"कॉफीवाली," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "म्हणजे ह्याच्यासाठी आम्हाला सोडून गेलीस होय?"

ह्याच्यासाठी म्हणजे टेबलावरच्या कॉफीच्या किटलीसाठी. ज्यांच्या एका हातात जोर उरलेला नाही अशांसाठी तिने ती घडवली होती. कॉफी आतल्या आत मुरायची, झाकण अंगठ्याने दाबलं की बंद, आणि अधू हाताला काम एवढंच, की कप धरून ठेवायचा. आज ती वापरून बघायला कुणाला बोलवायचं, हे कंपनीतल्या दुसऱ्याच कुणी ठरवलं होतं. मोठ्या सिस्टरचा उजवा हात आजारपणात लुळा पडलाय, हे त्या दारातून आत येईपर्यंत तिला माहीतही नव्हतं. त्याची तिला फार लाज वाटली.

उत्तर मात्र देता येईना. वस्तू वापरून बघणं चालू असताना ती बनवणाऱ्याने तोंडाला कुलूप लावून बसायचं, असा तिच्या नव्या धंद्यातला नियम होता. मदत करायची नाही, सुचवायचं नाही, हात मांडीवर. शिवाय कोपऱ्यात साहेब बसले होते. किटली दोनदा गळली म्हणून दोनदा त्यांनी ती परत पाठवली होती. आज जमली तर कारखान्यात जाईल, नाही तर हा विषय कायमचा बंद, असं त्यांनी सकाळीच सांगून टाकलं होतं. तिची नोकरीही ह्याच विषयाला बांधलेली होती.

मोठ्या सिस्टरनी डाव्या हाताने पूड घातली, गरम पाणी ओतलं. वास सुटला आणि तिला एकदम वॉर्ड आठवला. रात्रपाळी उतरत आलेली, चादरींच्या खोलीत लपवलेली शेगडी, त्यावर स्टीलचा जग. बाकीच्या जणी कॅन्टीनमधून येईल ते पाणी कॉफी म्हणून पीत. ती मात्र स्वतःच्या पगारातून कच्च्या बिया आणून घरी तव्यावर भाजायची. सगळ्या तिला कॉफीवाली म्हणून वेड्यात काढायच्या आणि कप घेऊन पहिल्या हजर व्हायच्या.

राऊंडला आलेले डॉक्टर कधी नाक वर करून विचारत, कसला वास येतोय? मोठ्या सिस्टर पुढे होऊन म्हणायच्या, "सगळं ठीक आहे, डॉक्टर." पट्टी चुकीची बांधली गेली, थर्मामीटर फुटला, कुणाला खुर्चीत डुलकी लागली, तरी डॉक्टरांपुढे वाक्य तेच आणि आवाजही तोच. मग डॉक्टर गेले की त्याच चादरींच्या खोलीत नेऊन अशी सालटं काढायच्या की आठवडाभर चूक होत नसे. त्या बोलण्यांची एक दिवस आपल्याला इतकी आठवण येईल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर ती हसली असती. इथे कंपनीत चूक झाली की सगळ्यांसमोर पडद्यावर दाखवत. पाठीशी घालायला कुणी नव्हतं.

मोठ्या सिस्टरनी किटली कलती केली. उजव्या हाताची बोटं कपाभोवती कशीबशी वळलेली. कॉफी कपात उतरली, टेबलावर एक थेंब नाही. त्यांनी किटली खाली ठेवली आणि उजव्या हाताची बाही हळूच बोटांपर्यंत ओढून घेतली.

"कशी वाटली?" साहेबांनी विचारलं.

"सगळं ठीक आहे, डॉक्टर."

साहेब मनापासून हसले. आपण डॉक्टर वगैरे नाही, म्हणाले, पण किटली पास ना? एकदम पास, मोठ्या सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. ती नजर तिच्या चांगल्या ओळखीची होती. गप्प बस, असा तिचा अर्थ.

साहेब खूश होऊन फोन लावायला लागले होते. नुसतं बसून राहिलं की झालं. इतकी वर्षं जे हवं होतं, ते समोर आलं होतं.

ती उठली. टेबलाला वळसा घालून तिने मोठ्या सिस्टरची बाही वर केली. तीन बोटं लालबुंद झाली होती.

"झाकणातून गळतंय," ती साहेबांकडे न बघताच म्हणाली. "थांबवा."

साहेब काहीतरी बोलले. तिने ते ऐकलं नाही. मोठ्या सिस्टरना दंडाला धरून तिने उठवलं, बाहेरच्या बेसिनपाशी नेलं आणि त्यांचा हात गार पाण्याखाली धरला. मागे साहेबांनी दार लावून घेतलं.

"मूर्ख आहेस," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "चाललं असतं की."

ती एकेक बोट पाण्याखाली वळवत राहिली.

"तू गेलीस ना, तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटले होते. एक चांगली नर्स हातची गेली म्हणून."

"आणि आता?" तिने विचारलं.

मोठ्या सिस्टरनी आपल्या हाताकडे पाहिलं. तो तिने दोन्ही हातांत धरला होता.

"आता नळ जरा मोठा कर."