झेंडूच्या माना

प्रदर्शन बागेतल्याच हॉलमध्ये होतं, म्हणून मंजुषाची चित्रं टांगायला बागेचे माळी कडुबामामा आले होते. शेवटचं चित्र मात्र तिनं भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

"हे नाही लावायचं, मामा. बागेत बसूनच काढलं होतं, पण आमचे सर म्हणाले, नुसते रंगाचे ठिपके आहेत. एक फूल ओळखू येत नाही."

मामांनी चित्र सरळ केलं. आधी नाक लावून पाहिलं, मग चार पावलं मागं सरकले आणि बघतच राहिले.

"ओळखू कसं येत नाय? झेंडू हाय हा, ताई. टळटळीत दुपार हाय. अन् सकाळी याला कुणी पाणी घातलेलं नाय. बघा, कशा माना टाकल्यात!"

मंजुषानं हातोडी उचलली. "मग हेच दारासमोर लावू. उद्या उद्घाटनाला तुमचे साहेबच येणार आहेत."

मामांनी घाईघाईनं चित्र पुन्हा भिंतीकडे फिरवलं.

"नको, ताई. लई खरं उतरलंय हे. त्या दिवशी मी देवगावला गेलो होतो, अन् साहेबाला सांगितलंय, दिवसभर बागेतच होतो."