गोणपाटाखालचा सांधा

दाभण मुठीपर्यंत आत गेलं. शालूनं ते बाहेर ओढलं. सागाच्या लाकडात दाभण असं पिकल्या पपईत शिरल्यासारखं जातं?

विहिरीवरच्या चौकटीचा हा उजवा सांधा. आडवं लाकूड इथे खांबात बसवलेलं. त्या लाकडाला चाक, चाकावरून दोर आणि दोराला भरलेली मोट. आणि खाली, अगदी काठाशी वाकून मोट ओढून घ्यायला उभी माय! सांध्यावरच्या ओल्या गोणपाटातून बुरशीच्या पांढऱ्या, चपट्या छत्र्या डोकावत होत्या, म्हणून तर शालूनं टोचून पाहिलं होतं.

"बाबा, बैल थांबवा! जोड सडला!"

"सागवान हाय ते! सडते काय?" बैलांच्या उतरत्या धावेवरून शेषराव ओरडले. "उन्हानं तडकलं नाई पायजे म्हनून गोणपाट गुंडाळलं. रोज सांजच्याले भिजवतो. तुले जपतो तसंच त्याले जपून राहिलो मी!"

हे जपणं शालूला चांगलंच ठाऊक होतं. नागपूरहून गावातल्या शाळेच्या तपासणीला आलेल्या बाईंनी अमरावतीच्या मुलींच्या शाळेत तिची जागा ठेवली होती. शाळा उद्या उघडत होती. पण बाबांचं एकच, "कुठी उन्हातान्हात जातं? घरीच सावलीत राय." तिनं भरलेली पेटी त्यांनी उचलून माळ्यावर टाकली होती.

चौकट कुरकुरली. आडवं लाकूड बोटभर खचलं.

"माय, सरक!" शालूनं मायला दंडाला धरून ओढलं.

"हात उपटतं काय पोट्टे!" म्हणत माणिकबाई चिखलात बसल्या. मग वर बघितलं आणि बसल्या बसल्याच मागे सरकल्या.

शेषरावांनी बैल मागे घेत घेत मोट पाण्यात सोडली. धापा टाकत वर आले. गोणपाट सोडलं. आतला साग भिजल्या भाकरीसारखा चुरत हातात आला.

ते डाव्या सांध्याकडे वळले. त्याला गोणपाट पुरलंच नव्हतं. उन्हापावसात तो उघडाच. रंग उडालेला, भेगाच भेगा. शेषरावांनी शालूच्या हातातलं दाभण घेऊन सगळा जोर लावून मारलं.

दाभण वाकलं.

"भिजत तर हा बी व्हता," ते पुटपुटले. "पन वाळत व्हता."

वाकडं दाभण हातात घेऊन ते मागे वळले. शालूला वाटलं, आता खेकसतील.

"शालूची माय," ते म्हणाले, "माळ्यावरची पेटी खाली काढ."