आबांचा चष्मा

"आज येडाईच्या दर्शनाला जाऊन ये," लिंबाजी सकाळीच बहिणीला म्हणाला. "गाडी जुंपून देतो."

सारजाबाईच्या मनात पाल चुकचुकली. वीस वर्षांत भावानं आपणहून तिला हिरवी मिरचीसुद्धा दिली नव्हती, आणि आज एकदम गाडी!

तेरणा नदीचा उगम शोधत मोजणीचे साहेब येणार, हे तिला ठाऊक होतं. लिंबाजीच्या शेताच्या टोकाला कपारीत एक झरा होता. त्याच्याच पाण्यावर तिचे मिरचीचे चार वाफे जगत, तेही भावाची मर्जी असेल तेव्हा. यानं झरा परस्पर सरकारला देऊन टाकला, तर विधवा बाईनं खायचं काय?

"जाते की," ती म्हणाली. मग आबांचा चष्मा डोळ्यांवर चढवून ती थेट झऱ्याकडं निघाली.

आबा म्हणजे तिचे वडील. निजामाच्या अमदानीत त्यांनी कचेरीत उर्दूत वाटणीचा कागद करून ठेवला होता. घरात उर्दू येत होतं एकट्या लिंबाजीला. तेराव्याला त्यानं कागद वाचून दाखवला: शेत लिंबाजीला, चष्मा सारजाला, चोळी-बांगडीसाठी. आणि वडिलांचा चष्मा तिच्या हातात ठेवला. चष्म्यात कसली आलीय चोळी-बांगडी, म्हणून पाहुणे हसले. सारजाबाईला मात्र रडू आलं. आबांनी जाताना आपली आठवण काढली, एवढं तिला पुष्कळ होतं. तुटक्या काडीला दोरा बांधून ती तो अजून वापरत होती.

साहेबांचं नाव नारायणराव. दोन दिवस नदीच्या पात्रातून प्रवाहाच्या उलट दिशेनं चालत ते झऱ्यापाशी पोचले होते.

"उगम हितं न्हाय साहेब," लिंबाजी सांगत होता. "हे पावसाळी पाणी. चैतात आटतंय. खरा उगम पल्याड, डोंगरात."

"खोटं!" सारजाबाई पुढं झाली. "म्या जन्मात ह्यो झरा आटलेला बघितला न्हाय."

"तू गेली न्हाईस?" लिंबाजीचा चेहरा उतरला.

नारायणरावांना संशय आला. नदीचा उगम आपल्या शेतात नको म्हणणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. त्यांनी पिशवीतून निजामाच्या वेळचा नकाशा काढला. त्यांचं शिक्षण हैदराबादचं, उर्दू पक्कं.

"ऱ्हाऊ द्या साहेब, लई जुना कागूद त्यो," लिंबाजी घाईनं म्हणाला.

नारायणरावांचं बोट नदीच्या रेघेवरून वर सरकलं आणि याच कपारीवर थांबलं.

"इथंच आहे. हे काय लिहिलंय, चष्मा-ए-तेरणा."

"नदीच्या कागदात चष्मा कशाला?" सारजाबाईनं विचारलं.

"मावशी, उर्दूत झऱ्याला चष्माच म्हणतात."

सारजाबाईनं एकदा पाण्याकडं बघितलं, एकदा भावाकडं. मग तिनं कानामागचा दोरा सोडवला, चष्मा काढला आणि लिंबाजीच्या हातात ठेवला.

"धर दादा. आपली अदलाबदल झाली व्हती."