डोळ्यातल्या पाण्याएवढं

मासा बादलीत एका कुशीवर कलला होता. नारंगी अंगावर पांढरे ठिपके, शेपटी कुरतडल्यासारखी. नमिताने त्याला फिशटँकमधून चहाच्या गाळणीने अलगद काढलं होतं आणि आता ती आजाच्या हाताकडे बघत होती.

"पेणच्या बाजारातला दुकानदार काय म्हनला?" हिरामणने विचारलं. मुंबईच्या इस्पितळात गळ्याच्या गाठीवर विजेचा शेक घेऊन आल्यापासून त्याचा आवाज घासत यायचा.

"मिठाच्या पान्यात ठेव म्हनला, थोडा वेळ. मीठ किती ते विचारायला बाबा विसरले."

"हिरामणच्या घरात मीठ बाहेरून विचारून घालायचं?" म्हातारा हसला आणि त्याने बरणी पुढे ओढली.

त्याचा जन्म मिठागरात गेला होता. बांध घातलेल्या कुठल्या कोंडीतलं पाणी आटून मिठाला आलं, ते तो बोट बुडवून, जिभेला टेकवून सांगायचा आणि त्याच्या शब्दावर पाणी पुढे सोडलं जायचं. दिवाळीनंतर मिठागर सुरू होणार होतं. 'कष्टाचं काम नको, नुसती जीभ घेऊन या,' असा मालकाचा निरोप होता. तो निरोप आल्यापासून हिरामण अंथरुणातून उठून बसू लागला होता.

"लोक मीठ लावून मासा सुकवतात," आजी गोदूबाई चुलीपाशी पुटपुटली. "हे मीठ घालून जगवतात!"

"तू तुझं कालवण बघ गो." मग तो नमिताकडे वळला. "शीक, बाय. डोळ्यातल्या पान्याएवढं खारट झालं की हात थांबवायचा. त्याच्या म्होरं नाय."

त्याने मूठभर मीठ टाकलं, ढवळलं, बोट जिभेला लावलं. "नाय अजून."

आणखी एक मूठ. "नाय."

तिसऱ्या मुठीनंतर बोट तोंडात बराच वेळ राहिलं. त्याने डोळे मिटून घेतले. "औंदा मीठच हलकं हाय," असं म्हणत त्याने चौथी मूठ सोडली.

मासा एकदम उसळला, बादलीला धडकला आणि पुन्हा आडवा झाला.

"आजा, बघ ना त्याला..."

"औषध लागतंय. तू चाख बघू."

नमिताने बोट बुडवून चाटलं. जीभ चरचरली. मागे एकदा भरतीचं पाणी तिच्या नाकातोंडात गेलं होतं, तेही एवढं कडू नव्हतं. तिने वर पाहिलं. आजा तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याचं ओलं बोट तसंच हवेत होतं. सकाळी आजी साखर टाकायला विसरली, तेव्हा तो चहा त्याने "गोड झालाय" म्हणून संपवला होता. तेव्हा ती हसली होती.

"बरोबर हाय, आजा," ती म्हणाली.

त्याचे खांदे खाली आले. "मग! शेकानं जिभेला काय व्हत नाय."

"आजा, बाहेर तुला कोन तरी हाक मारतंय."

भिंत धरत तो दारापर्यंत गेला. नमिताने मडक्यातलं गोडं पाणी तांब्याने घेऊन बादलीच्या कडेने ओतलं, आवाज होऊ न देता. दुसरा तांब्या ओतला. मासा हलला नाही. तिसऱ्या तांब्याला तो पाण्याबरोबर वर आला, पोट वर करून.

बाहेर कुणीच नव्हतं. हिरामण वळला तेव्हा तांब्या तिच्या हातातच होता. तो तांब्याकडे बघत राहिला. मग सावकाश येऊन बादलीशी बसला. त्याने माशाला बोटाने पालथा केला. मासा पुन्हा उताणा झाला.

"मिठाचं खोटं बोलायचं नसतं, बाय," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

तेवढ्यात गोदूबाई पळी घेऊन आली. "अवो, मीठ बघा जरा." त्या घरात हिरामणने चाखल्याशिवाय कालवण चुलीवरून उतरत नसे.

त्याने हात पुढे केला नाही. "तिला दे."

"तिला काय कळतंय?"

"कळतंय. दे."

नमिताने तळहातावर चार थेंब घेऊन चाटले. दोघंही तिच्याकडे बघत होते.

"अळणी हाय," ती म्हणाली.

हिरामणने मिठाची बरणी तिच्याकडे सरकवली. "घाल मग."

तिने बरणीत हात घातला. मूठ काही मिटेना.