काटा हिरव्यात

बाबांनी गोळ्यांची डबी वैभवीपुढे धरली. आजचा कप्पा रिकामा होता. "घेतली बघ."

"शाब्बास," पुस्तकातून डोकं वर न काढता ती म्हणाली.

तारापूरच्या कारखान्यातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले बाबा तिथेच घुटमळले. "मागच्या महिन्यात बीपीचं मशीन हिरवं दाखवत होतं. प्लांटवर प्रेशरचा काटा हिरव्यात आला की आम्ही व्हॉल्व्ह बंद करायचो. मग गोळी कशाला चालू ठेवायची?"

"डॉक्टरांनी सांगितलंय ना? मग घ्यायची."

"डॉक्टरही एवढंच म्हणतो. वर बघतसुद्धा नाही." ते हसले. "मोबाइलवर व्हिडिओतला तो माणूस बघ, गोळ्या का सोडायच्या ते पाइपचं चित्र काढून समजावतो. व्हॉल्व्हसकट."

"त्याला म्हणावं, आमचा नळ गळतोय, तोही बघून जा."

दोघंही हसली.

सकाळी दूध घ्यायला दार उघडताना बाबा कोसळले. मेंदूत रक्तस्राव. बोईसरच्या हॉस्पिटलमधून पुढे न्यायची वेळच आली नाही.

तेराव्यानंतर पाम गावचा शैलेश आला. बाबांच्या हाताखाली काम शिकलेला. बाबांचे सेफ्टी शूज त्याला द्यायचं ठरलं होतं. निवृत्तीनंतरही ते पॉलिश करून पलंगाखाली ठेवत. त्याने एक बूट उचलला, तर आत काहीतरी खुळखुळलं. त्याने तो उलटा केला. पांढऱ्या गोळ्या फरशीवर घरंगळल्या.

वैभवी खाली बसली. एकेक गोळी उचलू लागली.

"रोज रिकामी डबी दाखवायचे मला," ती म्हणाली. "रोज."

शैलेशचा चेहरा उतरला. "ताय, तो व्हिडिओ मीच टाकलेला ग्रुपवर. आपल्या प्लांटसारखा समजवतो ना तो, म्हनून... माज्या आयच्या गोल्या पन बंद केल्यात आमी."

तिचा हात थांबला. "फोन लाव तिला. आत्ता."

त्याने मोबाइल काढला. नंबर लावता लावता थबकला. "पन ताय, काटा हिरव्यात आला का व्हॉल्व्ह बंदच करतात ना?"

हातातल्या गोळ्यांकडे बघतच, जणू बाबांनाच, ती म्हणाली,

"काटा गोळीमुळेच हिरव्यात असतो, बाबा."